न वाचलेली पुरवणी

ती पहिल्यांदा वर्गाच्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, कुणा विद्यार्थ्याची नातेवाईक चौकशीला आली आहे. मी तिला ऑफिस तळमजल्यावर असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मी एफवायलाच आहे." वर्ग हसला. तीही हसली, ओढणी सारखी केली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. पुढची तीन वर्षं तो बाक तिचाच राहिला.

मी कल्याणच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, मराठी माध्यमाच्या तुकडीला. राहते ठाण्यात, वर्तकनगरला. नोकरी लागली तेव्हा माझा वर्ग भरून मुलं मागे भिंतीला टेकून उभी असत. आता हजेरीपटावर नावं भरपूर असतात आणि समोर बारा-पंधरा चेहरे. बाकीचे कुठे ना कुठे कामाला जातात. कुणी डिलिव्हरीच्या बाइकवर, कुणी मॉलमध्ये, कुणी कॉल सेंटरला. त्यांना दोष द्यावा असं मला कधी वाटलं नाही. पण त्यामुळे जी माणसं रोज येतात ती लक्षात राहतात, आणि ती रोज यायची.

तिशी गाठलेली बाई. माहेर साताऱ्याकडचं, बारावीनंतर लग्न होऊन कल्याणजवळ मोहन्याला आलेली. सासरे तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. तो बंद पडला तेव्हा ती नवी नवरी होती. नवरा अंबरनाथला एका कंपनीत मशीनवर. मुलगी प्राथमिक शाळेत. मुलीला शाळेत सोडून ती कॉलेजला यायची आणि शाळा सुटायच्या आत परतायची. बी.एड. करून शिक्षिका व्हायचं तिने ठरवलं होतं. सासूबाईंनी परवानगी दिलेली ती मुदत घालून: तीन वर्षं कॉलेज, लगेच बी.एड., मध्ये खंड पडला तर विषय संपला. हे तिने मला एकदा स्टाफरूमच्या बाहेर सांगितलं, अगदी साध्या आवाजात, घरी पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं.

अभ्यासाची तिला कधी अडचण आली नाही. अडचण फोनची होती. घरात चांगला फोन एकच, तो नवऱ्याबरोबर अंबरनाथला जायचा. आमच्या कॉलेजात तोवर सगळंच फोनवर गेलं होतं. हजेरी ॲपवर, नोट्स ग्रुपवर, असाइनमेंट पोर्टलवर. तिला नोट्स दुसऱ्या दिवशी कुणाकडून तरी मिळत आणि ती त्या वहीत उतरवून काढी. असाइनमेंट ती फुलस्केपवर लिहून आणायची. मग मी माझ्या फोनवर त्याचे फोटो काढून तिच्या लॉगिनने चढवायची. त्यासाठी ओटीपी यायचा तिच्या नवऱ्याच्या फोनवर. ती ऑफिसमधल्या फोनवरून त्याला लावायची, तो मशीन सोडून बाहेर यायचा, आकडे सांगायचा. या सगळ्यात अर्धा तास जाई. मला कंटाळा यायचा हे कबूल करते. पण ती फुलस्केप पानं वाचताना कंटाळा जायचा. तिच्या वर्गातल्या बहुतेकांची उत्तरं एव्हाना एकाच साच्यातली येऊ लागली होती. फोनला विचारायचं, जे येईल ते चिकटवायचं. कुटुंबसंस्थेवरच्या बारा निबंधांत एकच वाक्य बारा वेळा. तिच्या पानांत मात्र तिची गल्ली असायची, पाण्याची लाइन असायची, हळदीकुंकवाला कुणाला बोलावलं आणि कुणाला वगळलं ते असायचं. एकदा मी तिचं पान वर्गात वाचून दाखवलं. ती मान खाली घालून बसली आणि तास संपल्यावर मला म्हणाली की नाव नाही घेतलंत ते बरं केलंत.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि मला कॅपची ऑर्डर आली. विद्यापीठाचे पेपर एका ठिकाणी जमून तपासायचे, त्या केंद्राला आम्ही सगळे कॅप म्हणतो. पूर्वी कॅप म्हणजे गठ्ठे, धूळ, लाल पेन आणि दुपारचा वडापाव. आता पेपर स्कॅन होतात आणि आम्ही कॉम्प्युटरवर तपासतो. हे सुरू झालं तेव्हा मी आनंदाने मान डोलावणाऱ्यांतली होते. बेरीज चुकायची भीती नाही, गठ्ठा हरवायची भीती नाही. ट्रेनिंग द्यायला आलेल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, खाली स्क्रोल करायचं, मार्क टाकायचे, सबमिट करायचं. इतकंच." खरोखर इतकंच होतं.

आमचं केंद्र माजिवड्याच्या पुढे एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होतं. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावलेला. त्यावर आम्हा सगळ्यांची नावं आणि प्रत्येक नावापुढे एक रंग. ठरलेले पेपर वेळेत होत असतील तर हिरवा, मागे पडत असाल तर पिवळा, फारच मागे असाल तर लाल. निकालाची तारीख जवळ आली होती आणि मराठीतून समाजशास्त्र तपासणारे आम्ही बोटांवर मोजण्याइतके उरलो होतो. माझ्या शेजारी माझ्याच कॉलेजचे इतिहासाचे सर बसायचे; माणसं कमी म्हणून समाजशास्त्राचे पेपर त्यांनाही दिलेले. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, तासिका तत्त्वावर लागलेले, म्हणजे दर वर्षी नव्याने नेमणूक. त्यांचं नाव कायम हिरवं. माझं बहुतेक पिवळं. पन्नाशी उलटलेल्या बाईला भिंतीवरच्या एका पिवळ्या ठिपक्याची इतकी लाज वाटावी, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या दिवशी दुपारनंतर एक पेपर उघडला. आधीची उत्तरं मध्यम होती, नेमकी पण घाईत लिहिलेली. शेवटचं उत्तर औद्योगिक वसाहतींतल्या बदलत्या जीवनाविषयी होतं आणि ते वेगळं होतं. गाइडमधलं एकही वाक्य नव्हतं. कारखान्याचा भोंगा बंद झाल्यावर लोकांनी घड्याळं कशी घेतली, पुरुष घरी बसू लागल्यावर बायकांना स्वतःच्याच घरात वावरायला कसं अवघड झालं, असं एकेक. मी वाचत गेले. पानाच्या तळाशी शेवटची ओळ होती: "कारखाना बंद झाल्यानंतर वस्तीतल्या बायकांनी सर्वांत आधी". तिथेच पान संपलं. मी खाली स्क्रोल केलं. पुढे काही नव्हतं.

वाक्य अर्धं होतं. म्हणजे पुरवणी होती. मुख्य उत्तरपत्रिकेची पानं संपली की मुलं पुरवणी मागून घेतात, दोऱ्याने बांधतात आणि पहिल्या पानावर पुरवण्यांची संख्या लिहितात. मी वर जाऊन पहिलं पान बघायला हवं होतं. तिथे एक आकडा असणार होता. आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात शंकेचं बटण होतं, ते दाबायला हवं होतं. पण ते दाबलं की स्क्रीन तिथेच अडकायची, समन्वयक येऊन पासवर्ड टाकेपर्यंत. सकाळीच मी ते एकदा दाबलं होतं. समन्वयक दुसऱ्या मजल्यावर होते आणि मी बराच वेळ हातावर हात ठेवून बसले होते. तेवढ्यात माझा पिवळा ठिपका लाल झाला होता आणि लॅबमधल्या दोघांनी वळून माझ्याकडे पाहिलं होतं.

मी बटण दाबलं नाही. स्वतःला सांगितलं की वेळ संपली असेल, पेपर हिसकावून घेतला असेल. दिसलं तेवढ्याचे मार्क टाकले, वीसपैकी पाच. उत्तराची नुसती सुरुवात होती, नियमाने तेवढेच देता येत होते. सबमिट केलं आणि पुढचा पेपर उघडला.

अक्षर मला ओळखू यायला हवं होतं. तीन वर्षं मी ते फुलस्केपवर पाहत होते. स्क्रीनवर सगळी अक्षरं करडी आणि बारीक दिसतात, आणि आपल्या कॉलेजचे पेपर आपल्याकडे येत नाहीत असं आम्हाला सांगितलेलं, त्यामुळे मी तसा विचार केला नाही. हे खरं आहे. पण घरी जाताना ती भोंग्याची आणि घड्याळांची ओळ डोक्यात घोळत होती हेही खरं आहे.

निकाल लागला तेव्हा ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती थेट स्टाफरूममध्ये. बाकी सगळ्या विषयांत पास, समाजशास्त्राच्या त्या एका पेपरात नापास. थोडक्यासाठी. बी.एड.ची प्रवेश परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका पोर्टलवर चढवायची मुदत चालू होती. ती रडली नाही. म्हणाली, "मॅडम, मी सगळं लिहिलेलं. वेळ उरली नव्हती पण सगळं लिहिलेलं."

मी तिला धीर दिला. उत्तरपत्रिकेची प्रत मागवू असं सांगितलं. तो अर्जही ऑनलाइन, सगळा इंग्रजीत. आम्ही दोघींनी मिळून भरला, पुन्हा नवऱ्याला फोन, पुन्हा ओटीपी. आठवड्याभराने प्रत ईमेलवर आली. तिने स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून ती छापून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. मी चष्मा लावला, पानं उलटली आणि शेवटच्या पानावर थांबले.

"कारखाना बंद झाल्यानंतर वस्तीतल्या बायकांनी सर्वांत आधी".

समासात पाचचा आकडा. तो माझा होता.

पहिल्या पानावर, जोडलेल्या पुरवण्यांच्या रकान्यात, तिने ठळक एक लिहिलेला. खाली वर्गातल्या पर्यवेक्षकाची सही. ती बोट ठेवून मला दाखवत होती. "बघा मॅडम, एक लिहिलंय. सही पण आहे. मग पुरवणी गेली कुठे?" मी म्हटलं, स्कॅन करताना राहिली असणार. आवाज माझाच होता पण लांबून येत असल्यासारखा वाटत होता. प्रतीवर तपासणाऱ्याचं नाव नसतं. तिला कळायचा काहीच मार्ग नव्हता. मी पाणी प्यायले आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरायला घेतला.

त्या दिवसापासून जवळजवळ दोन महिने मी गप्प राहिले. मी तिला टाळलं असतं तर एक वेळ समजण्यासारखं होतं. मी उलट केलं. तिच्यासाठी धावले. प्राचार्यांचं पत्र मिळवलं, दुसरं पत्र स्वतः लिहिलं, बी.एड. कॉलेजात फोन करून जागा थोडे दिवस राखता येईल का विचारलं. त्यांनी सभ्यपणे सांगितलं की प्रवेश पोर्टल ठरवतं, आमच्या हातात काही नाही. स्टाफरूममध्ये लोक माझं कौतुक करू लागले. एक मॅडम म्हणाल्या की विद्यार्थ्यांसाठी एवढं करणारं आता कोण उरलंय. मी ते ऐकून घेतलं.

पुनर्मूल्यांकनाचं उत्तर आलं: गुणांत बदल नाही. होणार कसा? दुसऱ्या परीक्षकासमोरही तीच अर्धी उत्तरपत्रिका गेली होती. आणि त्यानेही बटण दाबलं नव्हतं.

मग आम्ही दोघी परीक्षा विभागात गेलो. खिडकीवरचा माणूस कंटाळलेला होता पण उद्धट नव्हता. त्याने तिचा सीट नंबर टाकला, स्क्रीन पाहिली, पुन्हा पाहिली. पुरवणीचा बारकोड सिस्टिममध्ये नाही, म्हणाला. मूळ कागद गोदामात आहेत, हजारो पेट्या, परीक्षकाची नोंद असल्याशिवाय पेटी उघडायची परवानगी मिळत नाही. "तपासताना मॅडमनी किंवा सरांनी, जे कोण असतील त्यांनी, तेव्हाच पुरवणी नसल्याची शंका टाकली असती ना, तर त्याच दिवशी शोध झाला असता. आता अवघड आहे."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी मला दिली. मग म्हणाली, "मॅडम, त्यांना दिसलं नसेल का हो, वाक्य अर्धं आहे ते?"

मी म्हटलं, "दिसलं असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. पुढे काही बोलेन अशी वाट पाहत असावी. मी बाटलीचं झाकण लावलं आणि उशीर होतोय म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षा विभागाला पत्र लिहिलं. अमुक बारकोडची उत्तरपत्रिका मी तपासली, उत्तर अपूर्ण असल्याचं मला दिसलं होतं, मी नोंद केली नाही, ही माझी चूक आहे, माझं हे पत्रच परीक्षकाची नोंद समजून पुरवणीचा शोध घ्यावा. पाठवण्याआधी मी ते इतिहासाच्या सरांना दाखवलं, कारण पेपर तपासला त्या दिवशी ते शेजारी होते. त्यांनी दोनदा वाचलं.

"मॅडम, हे कशाला?" ते म्हणाले. "तुमचं नाव कुठेच नाही. उलट परीक्षकाने स्वतःची ओळख सांगणं हाच गोपनीयतेचा भंग होतो. आणि खरं सांगू? असे अर्धे पेपर मी पण पाहिलेत. सगळ्यांनी पाहिलेत."

"तुम्ही बटण दाबलंत का कधी?"

त्यांनी पत्र घडी घालून मला परत दिलं. मग हळूच म्हणाले, "मला दर जूनला ऑर्डर लागते मॅडम. माझं नाव लाल झालेलं मला परवडत नाही."

मला त्यांचा राग आला नाही. माझी नोकरी कायम होती. मला काहीच होणार नव्हतं, तरी मी बटण दाबलं नव्हतं. पत्र पाठवलं.

आता तिला सांगणं उरलं होतं. कॉलेजात बोलवून सांगावं असं आधी वाटलं, मग वाटलं की तिथे मी टेबलाच्या अलीकडे आणि ती पलीकडे असेल, ते नको. एका शनिवारी दुपारी मी मोहन्याला गेले. कारखान्याची लांबच लांब भिंत संपली की उजव्या हाताला तिची गल्ली. भिंतीवर झुडपं उगवलेली, फाटकाला गंज. तिच्या लेखनात मी हे इतक्यांदा वाचलं होतं की रस्ता विचारावा लागला नाही.

सासूबाई दारातच होत्या. मॅडम आल्या म्हणून त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि स्वतः मोरीशी भांडी घासायला बसल्या, ऐकू येईल इतक्या अंतरावर. तिने चहा ठेवला. मी म्हटलं, चहा नंतर, आधी जरा बस. ती समोर चटईवर बसली. मीही खुर्ची सोडून खाली बसले.

मी एका दमात सांगितलं. पेपर मी तपासला, वाक्य अर्धं दिसलं, बटण दाबलं नाही, प्रत बघितल्यापासून मला माहीत आहे. भांड्यांचा आवाज थांबला.

आत चहा उतू गेल्याचा वास आला. ती उठली, गॅस बंद केला, ओटा पुसल्याचा आवाज आला, मग परत येऊन त्याच जागी बसली.

"उत्तर बरं होतं का?" तिने विचारलं.

"चांगलं होतं. त्या दिवशी वाचलेल्यांतलं सगळ्यांत चांगलं."

"मग?"

मी तिला प्रोजेक्टरचं सांगू लागले, रंगांचं, समन्वयकांचं, निकालाच्या तारखेचं. बोलता बोलता मलाच ऐकू येऊ लागलं की हे किती पोकळ आहे, आणि मध्येच थांबले. तिने मान हलवली. समजलं म्हणून की पुरे म्हणून, ते मला कळलं नाही.

खूप दिवस मनात असलेलं मी शेवटी विचारलं. विचारायला नको होतं कदाचित. "बायकांनी सर्वांत आधी काय केलं, असं लिहिलं होतंस तू?"

तिने आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. "नाही आठवत मॅडम. तेव्हा हात दुखत होता, बेल व्हायला आलेली. काहीतरी लिहिलेलं. दोन पानं भरलेली एवढंच आठवतं." मग मोरीकडे वळून म्हणाली, "आई, तुम्ही काय केलेलं हो पहिल्यांदा?"

सासूबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. "काय करणार," त्या म्हणाल्या. "जे ते ज्याच्या त्याच्या घरात." आणि त्या आत गेल्या.

चहा पुन्हा झाला. मी प्यायले. निघताना ती नेहमीसारखी गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली नाही, दारातूनच "या मॅडम" म्हणाली.

माझ्या पत्रामुळे पेटी उघडली गेली. पुरवणी तिच्यात नव्हती. स्कॅनिंगसाठी दोरे कापतात तेव्हा सुट्या पानांचं काय झालं ते कुणी सांगू शकलं नाही. दुसऱ्या कुणाच्या उत्तरपत्रिकेला ती चिकटली असेल, किंवा केराच्या पेटीत गेली असेल. मग नियमाप्रमाणे तिला बाकीच्या उत्तरांच्या सरासरीने गुण दिले गेले आणि ती पास झाली. दिवाळीनंतर सुधारित गुणपत्रिका आली. बी.एड.च्या प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या तोवर संपल्या होत्या.

मी तिला फोन करून कळवलं. फोन नवऱ्याने घेतला, मग तिला दिला. ती म्हणाली, "बरं झालं मॅडम." मग म्हणाली, "पण सरासरी म्हणजे ते कुणी वाचलं नाहीच ना?"

मी नाही म्हटलं.

मला विद्यापीठाचा मेमो आला. गोपनीयतेचा भंग आणि मूल्यांकनातील हलगर्जी, दोन्ही. वर्षभर कॅपच्या कामावरून दूर ठेवलं. सगळ्यांना वाटलं मला फार लागलं असेल. त्या उन्हाळ्यात मी घरी बसून आंब्याचा रस काढत होते आणि माझ्या वाट्याचे पेपर इतिहासाचे सर आणि आणखी दोघं तपासत होते, म्हणजे त्यांचा वेळ आणखी कमी झाला होता. ही शिक्षा नक्की कुणाला झाली असा प्रश्न मला पडला होता. पुढच्या वर्षी तपासायला माणसं कमी पडली आणि मला पुन्हा बोलावलं. आता मी प्रत्येक पेपरचं पहिलं पान आधी बघते. पुरवणीचा आकडा आणि पानं जुळली नाहीत की बटण दाबते. माझं नाव बहुतेक दिवस लाल असतं. समन्वयकांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं की मॅडम, तुमच्यामुळे सेंटरची सरासरी खाली जाते. मी हो म्हटलं. पानं सापडतात का म्हणाल तर कधी सापडत असतील, कधी नसतील. मला ते कळवण्याची पद्धत नाही.

तिने त्या वर्षी बी.एड.ची प्रवेश परीक्षा पुन्हा दिली नाही. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला होता आणि खंड पडला तो पडला. हे मला तिच्या वर्गातल्या एका मुलाकडून कळलं. ती मला सांगायला आली नाही.

गेल्या महिन्यात ती कॉलेजच्या खिडकीपाशी दिसली. पदवीचं प्रमाणपत्र न्यायला आली होती. रांग मोठी होती, सर्व्हर बंद पडला होता आणि ऑफिसमधली मुलगी सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. तिच्या हातात आता स्वतःचा फोन होता, काच तडकलेली. तिची मुलगी बरोबर होती, चांगली उंच झालेली. मी जवळ गेले. तिने "नमस्कार मॅडम" म्हटलं, मुलीलाही म्हणायला लावलं. गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते, सांगितलं. संध्याकाळी घरातच, पहिली ते चौथी.

"आणि बी.एड.?" मी विचारलं.

"बघू. घरात एकदा विषय काढायचाय." ती म्हणाली. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "प्रवेश परीक्षेचा फॉर्म कधी निघतो मॅडम? यंदाचा?"

मी तारीख बघून कळवते म्हटलं, तिचा नवा नंबर मागितला. तिने क्षणभर विचार केला आणि सांगितला. मी वर स्टाफरूममध्ये चहाला चल म्हणाले. ती म्हणाली, रांगेतला नंबर जाईल मॅडम, सकाळपासून उभी आहे. एवढ्यात सर्व्हर आला म्हणून पुढून कुणीतरी ओरडलं आणि रांग एकदम पुढे सरकली. मुलीचा हात धरून ती रांगेत मिसळली. माझ्या तासाची बेल झाली होती, मी जिना चढू लागले.